तपासी अंमलदार बाई

मराठीत रहस्यकथा वाढली ती वेगावर. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक छोटेखानी पुस्तकांवर ज्यांचे वाचन पोसले गेले, त्यांनी झुंजार आणि काळापहाड या नायकांच्या कथा एका बैठकीत संपवल्या, कारण पुस्तक दुसऱ्या दिवशी वाचनालयात परत करायचे असे आणि मागे आणखी चार जण टपलेले असत. त्या पिढीतल्या वाचकाच्या हाती आज साडेचारशे पानांची, दीडशेव्या पानापर्यंत मृतदेह कोणाचा हेसुद्धा न सांगणारी, जबाबांनी आणि बैठकांनी भरलेली तपासकथा दिली, आणि तिच्या मध्यभागी पिस्तुलाला फारसा हात न लावणारी, फायली वाचणारी मध्यमवयीन बाई ठेवली, तर तो ती बाजूला सारील असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो ती वाचतो, आणि संपली की त्याच बाईंचे पुढचे पुस्तक शोधू लागतो. माझ्या ओळखीत असे वाचक बरेच आहेत, आणि मीही त्यांच्यातलाच एक आहे.

या ओढीची कारणे सहसा दोन वेगवेगळ्या खणांत ठेवली जातात. संथपणा आवडतो, कारण आयुष्यात धावपळ फार झाली आहे; आणि स्त्री आवडते, कारण पुरुष गुप्तहेरांचा कंटाळा आला आहे. मला ही वाटणीच चुकीची वाटते. या कादंबऱ्यांतला संथपणा आणि त्यांतली स्त्री या दोन गोष्टी नाहीत. पहिली दुसरीतून आलेली आहे. जुना प्रतिभावान गुप्तहेर शेवटच्या प्रकरणात सर्वांना दिवाणखान्यात बोलावतो, खुनी कोण ते सांगतो, आणि सगळे मान डोलावतात, कारण त्याच्या शब्दाला वजन असते. तपास करणाऱ्या बाईंच्या शब्दाला त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच हाताखालच्या माणसांमध्ये ते वजन आयते मिळत नाही. म्हणून त्यांना प्रत्येक पायरी कागदावर आणावी लागते, प्रत्येक जबाब दुसऱ्या जबाबाशी ताडून घ्यावा लागतो, आणि वरिष्ठ विचारतील तेव्हा कोणते पान उघडायचे हे आधीच माहीत असावे लागते. कादंबरी लांबते ती इथे.

पोलिसी तपासाच्या कादंबरीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. माय शोवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडप्याने १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत दहा कादंबऱ्या लिहिल्या आणि संथ तपासकथेला आजचे रूप दिले. त्यांतली पहिली ‘रोझॅना’. गोटा कालव्याच्या एका बांधाजवळ गाळ काढताना एका तरुणीचे प्रेत वर येते, आणि ती कोण हे कळायलाच महिने जातात. मार्टिन बेक आणि त्याचे सहकारी त्या कालव्यातून बोटीने गेलेल्या पर्यटकांकडून फोटो आणि हौशी चित्रफिती मागवतात, आणि कोणीतरी सहज टिपलेल्या दृश्यांच्या कडेला ती मुलगी कुठे दिसते का हे तासन्‌तास पाहत बसतात. इतक्या चिकाटीचा तपास तोवर कोणी कथेत आणला नसेल. मात्र या कादंबरीत एक पोलीस बाईही आहेत, सोन्या हॅन्सन नावाच्या, आणि त्यांच्या वाट्याला आलेले काम असे की संशयिताला जाळ्यात ओढण्यासाठी त्यांनी आमिष व्हायचे. विचार करायला, फोटो ताडायला पुरुष. खिडकीत दिवा लावून बसायला बाई. कादंबरीबद्दल मला आदर आहे, पण आज ती वाचताना हे शेवटचे प्रकरण घशात अडकते.

१९७२ मध्ये पी. डी. जेम्स यांनी कॉर्डेलिया ग्रे ही तरुण खासगी गुप्तहेर निर्माण केली, आणि ज्या कादंबरीत ती पहिल्यांदा येते तिला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थच ‘बाईला न शोभणारा पेशा’ असा होतो. जेम्स स्वतः त्या काळात ब्रिटिश गृहखात्यात नोकरी करत होत्या आणि पोलीस विभागाचे कागद रोज पाहत होत्या. त्यांच्या गद्याला असलेली टिपणीची शिस्त तिथून आली असावी. त्याच १९७२ साली आपल्याकडे किरण बेदी भारतीय पोलीस सेवेतील पहिल्या महिला अधिकारी झाल्या. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण साल एकच असल्याची मला गंमत वाटते.

खुर्ची मिळायला मात्र १९९१ उजाडले. लिंडा ला प्लान्ट यांच्या ‘प्राइम सस्पेक्ट’ या कादंबरीतली जेन टेनिसन ही लंडनच्या पोलीस दलातली मुख्य निरीक्षक. हे पात्र घडवताना लेखिकेने जॅकी मॅल्टन या खऱ्या महिला अधिकाऱ्याशी बोलून माहिती घेतली होती, आणि त्या दर्जाच्या स्त्रिया त्या दलात तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. गोष्ट सुरू होते ती एका पुरुष अधिकाऱ्यापासून. जॉन शेफर्डच्या हाती एका तरुणीच्या खुनाचा तपास आहे. मृतदेहाचा चेहरा ओळखण्यापलीकडे गेला आहे, पण ती डेला मॉर्ने नावाची वेश्या आहे असे ठरवून टाकले जाते, संशयित पकडला जातो, आणि लवकरात लवकर आरोप ठेवण्याच्या ईर्ष्येने सगळी टोळी कामाला लागते. त्यातच शेफर्ड हृदयविकाराने कोसळतो आणि मरतो. टेनिसन आग्रहाने ती जागा मागून घेते. शेफर्डच्या माणसांना ती नको आहे. आणि तिने पहिली गोष्ट कोणती करावी? सगळी फाइल पहिल्या पानापासून वाचायची.

त्या वाचनातून, मृत मुलीच्या अंगावरच्या वस्तू आणि डेलाच्या घरातल्या वस्तू शेजारी शेजारी ठेवण्यातून तिच्या लक्षात येते की प्रेत डेलाचे नव्हेच. मेलेली मुलगी कॅरन हॉवर्ड आहे, चांगल्या घरातली, जिची कोणीतरी वाट पाहत आहे. घाईत धडाडीच्या, लोकप्रिय, सहकाऱ्यांना जीव लावणाऱ्या अधिकाऱ्याने मेलेल्या माणसाचे नावच चुकीचे लिहिले होते. शिवाय त्याची आणि डेलाची जुनी ओळख होती, आणि ती झाकण्यासाठी त्याचा निष्ठावान सार्जंट पुरावा दडवतो. संशयिताला सोडून द्यावे लागते आणि तपास मागे, पार सुरुवातीला जातो. टेनिसनची हुशारी इथे चमकदार अजिबात नाही. जे काम आधी व्हायला हवे होते ते तिने केले, इतकेच. पण कोणी तिच्यासाठी झाकणार नाही हे तिला ठाऊक असल्यामुळे, ते करण्यावाचून तिला गत्यंतरही नव्हते. शेफर्डला चूक परवडत होती. तिला परवडत नाही.

हे मला पुस्तकाबाहेरही एकदा पाहायला मिळाले. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या बंद घरात चोरी झाली आणि शेजारी म्हणून मला पंच व्हावे लागले. पंचनामा करायला आलेल्या उपनिरीक्षक बाई तिशीच्या असतील. त्यांच्याबरोबरच्या वयस्कर हवालदारांनी दारातच सांगितले, ‘‘मॅडम, मागच्या घरफोडीचा नमुना आहे माझ्याकडे. नाव-पत्ता बदलला की झालं.’’ बाईंनी त्यावर काही उत्तर दिले नाही, टेप मागितली. स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी वाकलेली होती आणि चोर तिथूनच आला असणार यावर जमलेल्या आम्हा सगळ्यांचे एकमत होते. त्यांनी ओट्यापासून खिडकीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले, जाळीचे भोक उभे-आडवे मोजले, आणि मग मला वाकून कठड्याकडे पाहायला लावले. कठड्यावर मसाल्याच्या रिकाम्या बरण्यांची रांग होती आणि बरण्यांभोवती फोडणीच्या वाफेने बसलेली, बोटाला चिकटणारी धूळ. एकही बरणी सरकलेली नव्हती. धुळीला कोणाचा हात लागलेला नव्हता. मी उत्साहाने विचारले, ‘‘म्हणजे खिडकीतून कोणी आलंच नाही, असं ना?’’ त्या म्हणाल्या, ‘‘काका, काय निघतं ते नंतर बघू. आत्ता तुम्हाला जेवढं दिसतंय तेवढंच सांगा.’’ आणि तेवढेच लिहून घेतले. अर्ध्या तासाचे काम तीन तास चालले. हवालदारांचा सुस्कारा दोनदा ऐकू आला. एखाद्या मिशाळ निरीक्षकाने इतकाच वेळ घेतला असता तर त्याला लोक ‘कडक साहेब’ म्हणाले असते. या बाईंबद्दल खाली पार्किंगमध्ये ‘नवीन आहेत, शिकतील’ असे बोलले गेले. चोरीचा माल परत मिळाला नाही, हेही सांगायला हवे.

‘जेवढं दिसतंय तेवढंच सांगा’ हे या साहित्यप्रकाराचे सौंदर्यशास्त्र म्हणून चालेल. चांगली तपासकादंबरी वाचकाला पंच करते. आपण काय निघते त्याकडे धावतो आणि ती आपल्याला पुन्हा कठड्यावरच्या धुळीकडे आणते. त्यात जो आनंद आहे तो कोडे सुटण्याच्या आनंदाहून वेगळा आहे. नीट केलेले काम जवळून पाहण्याचा तो आनंद आहे, आणि रोजच्या व्यवहारात तो इतका दुर्मीळ झाला आहे की त्यासाठी लोक साडेचारशे पाने वाचतात.

बाईंना सावकाश जावे लागते याला दुसरीही बाजू आहे, आणि तिचा आपल्या प्रदेशाशी थेट संबंध आहे. काही ठिकाणी फक्त बाईच पोचू शकते, आणि पोचल्यावर घाई करून तिथे काही हाती लागत नाही. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्यावर त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि तिथे कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. १८९२ मध्ये परीक्षा दिली तरी पदवी हाती पडायला सुमारे तीस वर्षे लागली, कारण विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदव्याच देत नव्हते. हिंदुस्थानात स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा १९२३ चा. मधल्या काळात, १९०४ पासून, त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे, म्हणजे विधवा आणि अल्पवयीन वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे, पडदानशीन स्त्रियांच्या कायदेशीर सल्लागार म्हणून काम केले. ज्या विधवांची इस्टेट दिवाण आणि दीर वाटून खात होते, त्यांच्यापर्यंत कोणताही पुरुष वकील जाऊ शकत नव्हता. सोराबजी जात, पण तिथे पडद्याआडच्या बाईचा विश्वास बसेपर्यंत बसून राहणे हाच कामाचा पहिला भाग असे.

सुजाता मॅसी यांनी २०१८ मध्ये आणलेली पर्वीन मिस्त्री सोराबजींच्या या वारशातूनच उभी राहिली आहे. काळ १९२१, जागा मुंबई. पर्वीन वडिलांच्या पेढीत सॉलिसिटर म्हणून काम करते, पण न्यायालयात उभी राहू शकत नाही. मलबार हिलवरच्या एका मृत गिरणीमालकाच्या तीन विधवांनी आपला सगळा वाटा धर्मादायाला लिहून दिल्याचा कागद तिच्यासमोर येतो, आणि तिची नजर अडकते ती एका सहीवर: तिघींपैकी एकीने सहीच्या जागी नुसती फुली मारली आहे. जिला वाचता येत नाही तिने हा दस्त कसा समजून घेतला? आपल्याकडे खरेदीखते आणि हक्कसोडपत्रे चाळलेल्या कोणालाही ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ हे शब्द ओळखीचे असतील, आणि त्या अंगठ्यांच्या वर किती बहिणींचे हिस्से सुटले याची कल्पनाही असेल. म्हणून ही कादंबरी मला खून पडण्याच्या कितीतरी आधीपासून रहस्यकथा वाटते. खरे विचाराल तर खून पडल्यावर ती थोडी सामान्य होते.

अ‍ॅन क्लीव्ह्‌ज यांच्या व्हेरा स्टॅनहोपलाही असाच एक मार्ग मोकळा मिळतो, वेगळ्या कारणाने. इंग्लंडच्या उत्तर टोकाच्या नॉर्थम्बरलंडमधली ही पन्नाशीची, स्थूल, कापडी पिशव्या घेऊन फिरणारी अधिकारी १९९९ मधल्या पहिल्या कादंबरीत पहिल्यांदा दिसते ती एका अंत्यसंस्काराच्या वेळी, आणि पाहणाऱ्याला ती भटकी बाई वाटते. तपास हाती घेऊन ती मध्यभागी येते ते बऱ्याच उशिरा. अशा बाईसमोर लोक चहा ठेवतात आणि बोलत राहतात. तिला कोणी मोजत नाही, याचाच ती उपयोग करून घेते.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. प्रत्यक्षातले पोलीस ठाणे असे नसते. चोरीला गेलेला मोबाइल ‘गहाळ’ म्हणून लिहून दिला जातो, दखलपात्र गुन्ह्याची बोळवण अदखलपात्र नोंदीवर होते, आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बसलेल्या माणसाला वेळ कसा जातो ते ठाऊक असते. अशा देशातल्या वाचकाने संयमी, न्यायी पोलिसांच्या गोष्टी वाचणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे, असे म्हणणारे मला भेटले आहेत. मला वाटते, त्यांनी या कादंबऱ्या नीट वाचलेल्या नाहीत. यांतला खुनी बहुधा फिका असतो. वाचकाच्या लक्षात राहतो तो शेजारच्या टेबलावरचा अडथळा, साहेबाची घाई, सार्जंटने लपवलेला कागद. पोलीस यंत्रणेची इतकी तपशीलवार तक्रार दुसऱ्या कोणत्या लोकप्रिय साहित्याने केली आहे? आक्षेप घ्यायचाच तर तो साच्यावर घ्यावा. गेल्या वीसएक वर्षांत तपासी बाई म्हटली की घटस्फोट, दारू, झोप न येणे आणि मुलीशी अबोला हा संच तयारच असतो. तिच्या दुःखाला दोनशे पाने आणि तपासाला शंभर, असे प्रमाण झाले की ती कादंबरी संथ राहत नाही, नुसती लांबते.

उशीर आणि संथपणा यांतला फरकही इथेच स्पष्ट करायला हवा, कारण न्यायालयातल्या तारखांनी पिचलेल्या माणसाला सावकाशीचे कौतुक सांगणे क्रूरपणाचे वाटू शकते. उशिरात काहीच घडत नाही. संथ तपासात रोज काहीतरी घडते. आणि बऱ्याचदा पहिल्या आठवड्यातल्या घाईचीच परतफेड पुढची दहा वर्षे चालते. नमुन्यावरून उतरवलेला पंचनामा उलटतपासणीत टिकत नाही, प्रत्येक प्रकरणात तेच ठरलेले पंच असल्याचे बचावाचा वकील दाखवून देतो, उरलेले पंच फितूर होतात, आणि आरोपी सुटला की लोक न्यायालयाला दोष देतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक केले आहे ते याच जुन्या दुखण्यामुळे. कॅमेरा धूळ टिपेल, पण कोणीतरी तो कठड्याकडे वळवायला हवा.

घाईवर आपले प्रेम मात्र जुने आहे. आपल्या वृत्तपत्रांनी ‘चकमकफेम’ हे विशेषण घडवले आणि ते बिरुदासारखे वापरले. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनातले चारही संशयित पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली, आणि महाराष्ट्रातही अनेकांनी पेढे वाटण्याची भाषा केली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, माजी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये खुला झाला. ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, असे त्यात म्हटले आहे. आणि त्या चौघांपैकी तिघे गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होते, असेही. वय! शाळेच्या दाखल्यावरून कळणारी गोष्ट. शेफर्डच्या टोळीने प्रेताचे नाव तपासले नव्हते. इथे गोळी घालण्याआधी वय तपासले गेले नाही. ज्या मुलीसाठी हे सारे झाल्याचे सांगितले गेले तिच्या खुनाचा खटला आता कधीच चालणार नाही, म्हणजे त्या रात्री काय घडले हे पुराव्याने शाबीत होण्याचा मार्ग कायमचा बंद झाला. या घटनेनंतर मी टेनिसन पुन्हा वाचली, आणि यावेळी तिचा फाइल वाचण्याचा हट्ट मला स्वभावाचा भाग वाटला नाही, नागरी कर्तव्य वाटले.

मराठीत या प्रकारची कादंबरी जवळजवळ नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. १९९४ च्या महिला धोरणाने सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण दिले, आणि आज तालुक्याच्या ठाण्यातही तपास करणाऱ्या बाई दिसतात. त्यांच्या रात्रपाळ्या, बंदोबस्त, घरी ठेवलेले तापलेले मूल आणि टेबलावरची बारा प्रलंबित प्रकरणे यांतून गोष्ट शोधायला स्वीडनला जायची गरज नाही. शिवाय भाषा तयार आहे. पोलिसी मराठी ‘सदर इसम’ आणि ‘समक्ष हजर’ अशा शब्दांनी आपण थट्टेवारी नेली आहे, पण त्या भाषेत एक गुण असा आहे की तिला विशेषण सोसत नाही, आणि न पाहिलेले लिहिता येत नाही. आमच्या इमारतीतल्या त्या पंचनाम्यावर मी सही केली तेव्हा तो पहिल्यापासून वाचला होता. एक वाक्य अजून तोंडपाठ आहे: ‘सदर खिडकीचे कठड्यावर काचेच्या सात बरण्या एका ओळीत असून, त्यांचे तळाभोवती चिकट धुळीचा थर जसाच्या तसा आहे.’